अकरा नंबरचा नेम

४ जानेवारी, खमीस मुशैत
पोचलो बुवा एकदाचा! सौदी म्हणजे नुसती भट्टी असं ज्यांनी ज्यांनी पुण्यात सांगितलं, त्यांना इथे आणून दोन दिवस बिनस्वेटरचं ठेवलं पाहिजे. डोंगरावरचं गाव, दात वाजतील अशी थंडी. मालक अबू तुर्की स्वतः दारात आले, हातात गहव्याचा, म्हणजे त्यांच्या कॉफीचा, कप दिला. त्यांच्याकडे जुन्या लष्करी रायफली आहेत, एकोणीस. पुढच्या महिन्यात संग्राहक बघायला येणार. त्याआधी अस्सल कोणती आणि जोडकाम केलेली कोणती, ते मी लिहून द्यायचं. खडकीच्या लष्करी वर्कशॉपात एकतीस वर्षं दुसरं केलं काय मी? स्वयंपाकाला श्रीवर्धनचा नूरुद्दीन आहे. पहिल्याच दिवशी मला काका म्हणायला लागला आणि सुरमई अशी केली की बोटं चाटत बसलो. आता अनुराधाचा व्हिसा आला की झालं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, बायकोला अजून विमानात बसवलेलं नाही.

७ जानेवारी
दिवसभर अकरा नंबर. थ्री-नॉट-थ्री, १९१७ची. बोल्टवरचा, नळीवरचा आणि दस्त्यातला आकडा एकच. स्क्रू कुणी हलवलेला नाही, लाकूड कुणी घासलेलं नाही. शंभर वर्षांत अशी एखादीच राहते. बोल्ट ओढला की हाताला काही लागतच नाही, इतका अलगद येतो.

आणि मग मी गाढवपणा केला. रिकामी असली तरी रायफल जिवंत जिवावर धरायची नाही, हे खडकीच्या पोरांना ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. आज खिडकीतून पाण्याच्या टाकीवर नेम धरून बघत होतो, तर मालकांची बकरी मध्ये आली. नेमात बरोबर तिची छाती. हसू आलं, चाप ओढला. टक्. रिकामीच होती.

८ जानेवारी
सकाळी साडेसहाला बकरी उभ्या उभ्या कोसळली. कातडीवर ओरखडासुद्धा नाही. मी फाडून बघितली. काळजात आरपार भोक. कॅलिपर लावला. नळीच्या आतल्या मापाएवढं, केसाचाही फरक नाही. नूरुद्दीनला म्हटलं, रोग असेल.

९ जानेवारी
एका चाचणीवर मी जन्मात सही केलेली नाही. दुपारी मांजरीवर नेम धरला. नूरुद्दीनची मांजर, तो तिला आपल्या ताटातलं भरवतो.

१० जानेवारी
साडेसहा. दूध पिता पिता गेली. नूरुद्दीन ढसाढसा रडला. मी त्याची पाठ थोपटली, खोलीत आलो आणि टिपून ठेवलं: दोन्ही वेळा दुसरा दिवस, वेळही तीच. खरं सांगायचं तर वाईट वाटायच्या आधी रायफलीचं कौतुक वाटलं.

१४ जानेवारी
मालकांची सरकारी कागदपत्रं करतो तो मंदूब, रहमतुल्ला. अनुराधाच्या व्हिसाचा कागद खिशात घेऊन हिंडतो आणि आज चौथ्यांदा ‘बुकरा’ म्हणाला. उद्या! वर हसत विचारतो, या वयात बायको कशाला लागते. तळपायाची आग मस्तकात गेली. तो फाटकापाशी गाडी पुसत होता. मी खिडकीत होतो. टक्.

गंमत म्हणून ओढला, असं लिहिणार होतो. पण स्वतःच्या वहीत खोटं काय लिहायचं.

१५ जानेवारी
दात घासताना गेला. डॉक्टर म्हणाले हार्ट. चार लेकरं आहेत त्याची गावाला, नूरुद्दीन सांगत होता. मी नाश्त्याला तीन पराठे खाल्ले.

१८ जानेवारी
नव्या मंदूबने एका दिवसात व्हिसा काढला. अकरा नंबरपुढे मी ‘सर्वोत्तम’ लिहिलं. टेबलावरून तिला हलवायला मन होत नाही.

२३ जानेवारी
अनुराधा आली! विमानातली सगळी गंमत तीनदा सांगून झाली. नूरुद्दीन काकी काकी करत मागेपुढे. रायफल कपाटात घालून कुलूप लावायला हवं. उद्या लावतो.

२४ जानेवारी, संध्याकाळ
आंघोळ करून बाहेर आलो तर हसण्याचा आवाज. अनुराधाच्या खांद्याला अकरा नंबर. समोर नूरुद्दीन, छातीशी मोबाइल धरून. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आसावरी, आमची एकुलती एक. आईला सांगत होती, नीट माझ्यावर नेम धर, फोटो काढते — मी ओरडेपर्यंत चाप ओढून झाला होता.

टक्. तिघंही हसले.

नेम कुणावर? स्क्रीनवर आसावरी. स्क्रीनच्या मागे नूरुद्दीनची छाती. स्क्रीनपाशी थांबते की पुढे जाते? एकतीस वर्षांत असं कुणी विचारलं नाही मला.

अनुराधाला सांगायचं, तर रहमतुल्लाचंही सांगावं लागेल.

नूरुद्दीनने जेवण वाढलं. अजून एक भाकरी घ्याच म्हणाला. मी त्याच्या छातीकडे बघत होतो. देवा, तो असू दे. लिहिलं. खोडणार नाही.

२५ जानेवारी, सकाळ
सहा. पुण्यात साडेआठ. आसावरीला कॉल लावलाय. घरातच बस म्हटलं, हलू नकोस. बाबा, झालंय काय, विचारते. काही नाही — फक्त बघू दे तुला —

सहा वीस. नूरुद्दीनच्या खोलीत चाहूल नाही. बरं आहे. बरं आहे.

सत्तावीस. अजून नाही. नको उठू दे त्याला — देवा —

एकोणतीस. स्वयंपाकघरात भांडं पडलं. मोठ्याने. तोच पडला असणार. तोच. सुटलो —

साडेसहा.

दार वाजतंय. नूरुद्दीन. हसतोय. भांडं हातातून निसटलं म्हणे, काकी जाग्या झाल्या का —

आसावरी बाबा म्हणाली आणि