आरशातला उजवा हात

१३ जुलै २००३, रविवार

पाटी पुन्हा फेकली! या खेपेला फुटलीच.

पाच महिने झाले ह्यांना लकवा मारून. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ – तिन्ही एका सकाळी गेली. डॉक्टर म्हणतात, "समझते सब हैं बहनजी, बस मुँह कहना नहीं मानता." सगळं समजतं ना? मग बोलता येत नाही तर लिहा! मी रोज सकाळी ह्यांच्या उजव्या मुठीत पेन्सिल कोंबते, बोटं मिटवते, वरून माझा हात धरते आणि 'ग' गिरवते. गंगाधरचा ग. एकतीस वर्षं पहिलीच्या वर्गाला असंच शिकवलं. आजवर एकाही पोराने पाटी फेकली नाही. ह्यांनी दोन फेकल्या. त्याही डाव्या हाताने, नेम धरून.

मला फार काही नको आहे. एक शब्द हवा. शिवी असली तरी चालेल.

१६ जुलै

मुगाची खिचडी. भरवली. चार घास झाल्यावर मान फिरवली. दिवसभर खिडकीकडे तोंड.

२० जुलै, रविवार

डॉक्टरांनीच पाठवलं म्हणून समता कॉलोनीत गेलो. नत्थूच्या रिक्षाने. रायपूर राजधानी झाल्यापासून दर चौकात लाल दिव्याची गाडी आडवी येते, आपण आपले उन्हात उभे. नत्थू म्हणाला, "राजधानी हमर मन बर थोरे बने हे, बहिनजी." खरं आहे बाबा, राजधानी आपल्यासाठी थोडीच झाली.

दवाखान्याच्या वर एक हॉल आहे. तिथे निवेदिता नावाची मुलगी दर रविवारी वर्ग घेते. बडोद्याला नाच शिकली, मग नाचाने आणि चित्रांनी दुखणेकऱ्यांना बरं करायचं शिकून आली. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं, मराठी सगळी कळते, पण तोंड उघडलं की हिंदी. पाच-सहा जण होते. गोल बाजारचे भैय्यालाल टेलर आहेत, त्यांचे हात थरथरतात. सुई ओवता येत नाही म्हणून सहा महिने दुकान बंद.

ढोलकीची कॅसेट लावली. डोळे मिटा, श्वास कुठपर्यंत जातो ते पाहा, मग अंगाला जे वाटेल ते करू द्या. माझ्या अंगाला घरी जावंसं वाटत होतं! "काकू, आप भी," म्हणाली. मी म्हटलं, गुडघे दुखतात. नाचता येईना अंगण वाकडं – दुसरं काय.

हे खांबासारखे बसून राहिले. शेवटी तिने भिंतीवर खाकी कागद लावला, वाटीत गेरू कालवला आणि कुंचला ह्यांच्या हातात दिला. डाव्या हातात! मी उठले, तो काढून घेतला आणि उजव्यात दिला. बोटांत राहीना. पडला, माझ्या पातळावर. निवेदिता नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

२१ जुलै

पातळाचा डाग गेला नाही.

काल ती पोरगी तशी पाहत होती ते डोक्यातून जात नाही. तिला काय माहीत! डाव्याला काम दिलं की उजवा कायमचा आळशी होतो. आणि डाव्या हाताने जेवायचं? देवाचं घ्यायचं? उद्या चारचौघांत प्रसाद घेताना काय दिसेल ते? माझ्या वर्गात किती डावखुरी पोरं आली. कोणाच्या हातावर फूटपट्टी, कोणाला नुसता डोळा. सगळी सरळ करून दुसरीत पाठवली.

शिस्त लागते माणसाला. बस्स.

१७ ऑगस्ट, रविवार

आज हललं काहीतरी! ढोलकी सुरू झाली आणि ह्यांचा पाय फरशीवर ठेका धरायला लागला. डावा पाय. आधी एकच बोट, मग चवडा. भैय्यालालने टाळी दिली – "वाह गार्ड साहब!" ह्यांच्या ओठाचा कोपरा वर गेल्यासारखा मला वाटला.

आणि मी काय करावं? म्हटलं, "आता उजव्यानं करा पाहू." पाय थांबला. पुन्हा हललाच नाही.

माझ्या जिभेला हाड नाही. एक बंद पडलेली जीभ घरात आहे, देवाने तिच्या वाटचंही मलाच दिलं.

२८ ऑगस्ट

शेखरचा पुण्याहून फोन. "बाबा कुछ बोले क्या, आई?" दर वेळी हेच विचारतो. माझं उत्तरही दर वेळी तेच.

४ सप्टेंबर, महालक्ष्म्या

आज हे लिहायलाच हवं.

सोळा भाज्या, आंबील, पुरण – सगळं एकटीने केलं. दुर्गहून कुसुमवन्सं आल्या, शेजारचे चार लोक आले. ह्यांना पाटावर बसता येत नाही म्हणून खुर्ची-टेबल लावून ताट वाढलं. सगळ्यांना तूप वाढून मग मी भरवायला येणार होते. वळून पाहते तर ह्यांनी डाव्या हाताने पोळीचा तुकडा तोडला होता. तुपात बुडवून तोंडाशी नेत होते. सात महिन्यांत पहिल्यांदा, कोणी न सांगता!

मी त्या हातावर चापट मारली. चटकन. विचार नाही, काही नाही – वर्गात मारायची तशी.

तुकडा खाली पडला. वन्सं म्हणाल्या, "काहून मारलं वो वहिनी? खाऊनच राहिला होता ना तो!"

ह्यांनी हात मांडीवर ठेवला आणि तोंड मिटलं. मग मी भरवलं तेही घेतलं नाही. सणाच्या दिवशी घरचा माणूस उपाशी, आणि उपाशी ठेवणारी मी.

आज लिहून टाकते, म्हणजे एकदाचं बाहेर पडेल. फेब्रुवारीत, त्या सकाळी, अॅम्ब्युलन्समध्ये मला वाटलं होतं – हे आत्ताच गेले तर बरं. अर्धे राहण्यापेक्षा बरं. त्यानंतरही एकदा वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. देवाला तर नाहीच.

५ सप्टेंबर

आज शिक्षक दिन. जुन्या दोन विद्यार्थिनी पाया पडायला आल्या. मला पाय मागे घ्यावेसे वाटले.

१४ सप्टेंबर, रविवार

मागच्या रविवारी गेलो नव्हतो. आज नत्थू दारात येऊन उभाच राहिला – "चलव ना बहिनजी." तो आणि भैय्यालाल, दोघांनी हात धरून ह्यांना जिन्याने वर चढवलं.

निवेदिताला मी चापटीचं सांगितलं. कोपऱ्यात नेऊन, हळूच. वाटलं, आता बोलेल मला. तर म्हणाली, "काकू, आज आप टीचर नहीं हो. आज आप आईना हो." समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर हे, एकीवर मी. ते करतील ते आणि तेवढंच मी करायचं. सांगायचं नाही, सुधारायचं नाही, घाई करायची नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. हे माझ्याकडे पाहतच नव्हते. मीही बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासमोर काही न शिकवता बसले असेन.

मग ह्यांचा डावा हात मांडीवरून उठला. माझा उजवा उठला – आरशात तसंच असतं ना! त्यांचा हात खांद्यापर्यंत आला, माझाही आला. मग बाजूला गेला, लांब, आणि सावकाश इकडून तिकडे फिरला. मी ओळखलं! चौतीस वर्षं मालगाडीचे गार्ड होते. गाडी सोडताना ड्रायव्हरला झेंडी दाखवायची ती ही. स्टेशनवर डबा द्यायला जायचे तेव्हा कितीदा पाहिलं असेल मी. पुन्हा फिरवला. मी पण फिरवला. आता ते माझ्या डोळ्यांत पाहत होते.

मग नाक खाजवलं! मी पण खाजवलं. कान ओढला, मी पण ओढला. मग ती वाकडी झालेली जीभ बाहेर काढून दाखवली मला! भरल्या हॉलमध्ये! मी पासष्ट माणसांच्या स्टाफसमोर कधी हसले नाही, आज जीभ काढून बसले. भैय्यालाल इतके हसले की डोळे पुसायला लागले. आणि हेही हसत होते – आवाज नाही, पण पोट हलत होतं. म्हणजे आहेत! आत सगळेच्या सगळे आहेत. चेष्टा करणारा माणूस अर्धा कसा असेल?

शेवटी माझा हात दुखायला लागला. निवेदिताने मागून माझ्या खांद्यांवर हात ठेवले. "काकू, यहाँ क्या पकड़ के रखा है इतने दिन से?" खांदे माझे कानापर्यंत चढलेले होते, मला पत्ताच नव्हता. ते खाली आले आणि मला रडू फुटलं. हमसून हमसून रडले. हे उठू शकत नाहीत, तरी पुढे वाकले आणि डावा तळहात माझ्या उजव्या तळहाताला लावून ठेवला. गरम होता.

१५ सप्टेंबर

वरण-भात कालवला. ताट डाव्या बाजूला सरकवून ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेले. दारामागे उभी राहिले, चोरासारखी. बराच वेळ काही नाही. मग बोटं ताटावर फिरल्याचा आवाज.

अर्धा भात सदऱ्यावर, थोडा टेबलाखाली. पण ताट रिकामं! फरशी पुसताना मी गुणगुणत होते म्हणे, शेजारची सोनिया सांगून गेली – "चाची, आज बड़े दिन बाद आवाज आई आपकी."

२१ सप्टेंबर, रविवार

गेरू, कागद, डावा हात. मी माझ्या खुर्चीवरून हलले नाही. मांडीखाली हात घालून बसले होते, मोह नको म्हणून!

ह्यांनी मोठमोठ्या रेघा ओढल्या, खालून वर, वरून खाली. मग एकात एक तीन गोल. मी विचारलं, "रूळ आहेत का? की चाकं?" निवेदिता म्हणाली, "मतलब मत पूछिए, काकू. हाथ को घूमने दीजिए." मग मलाही कागद दिला. मी काढल्या चार सरळ ओळी, दुरेघी वहीसारख्या. ह्यांनी माझा कागद पाहिला आणि डाव्या बोटाने वरून एक वेडीवाकडी रेघ मारली. मुद्दाम!

भैय्यालालने आज सुई ओवली. पाचव्या खेपेला.

३० सप्टेंबर

डावा हात इतका हुशार कसा, हे मला कळत नाही. पंधरा दिवसांत भात सांडायचा थांबला. सकाळी सदऱ्याची बटणं लावली, वरची सोडून सगळी. पहिलीच्या पोरांना बटणाला सहा महिने लागतात. निवेदिताला म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे. ती म्हणाली, "मेरे नहीं, काका के."

५ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. ह्यांच्या समोर आपट्याची पानं ठेवली होती. समोरच्या घरचे बाबाराव आले – वयाने मोठे, सोवळ्याचे. ह्यांनी डाव्या हाताने पान पुढे केलं. बाबारावांचा हात अडखळला. "गंगाधरराव, आज सणाचा दिवस हाय ना…" असं काहीतरी पुटपुटले.

मी स्वयंपाकघरातून ओरडलेच – "घ्या काका! त्यांचा हात तोच आहे!" घेतलं बाबारावांनी. कपाळालाही लावलं, म्हणजे तसे ते वाईट नाहीत. मीही महिन्यापूर्वी हेच बोलले असते, यापेक्षा वाईट.

सगळे गेल्यावर मी नेहमीसारखी पाया पडले. ह्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मला जरासुद्धा वावगं वाटलं नाही.

इतकं मिळालं, तरी माझा लोभ सुटत नाही. एक शब्द. एकच. पाटीचं नाव मी आता काढत नाही, ह्यांना पुन्हा शाळेत बसवायचं नाही असं ठरवलं आहे. पण लोभ आहे तो आहे.

८ ऑक्टोबर

इंदू,

तू दुधाले गेली की वही काढून थोडं थोडं लिहिलं. तीन दिवस लागले. तुझं सगळं वाचलं. विचारलं नाही, चूक झाली.

मी जन्माचा डावखुरा. दुसरीत मास्तरनं डावा हात कमरेशी बांधला होता, वर्षभर. तुले कधी सांगितलं नाही. तू मास्तरीण पडली.

अॅम्ब्युलन्समध्ये तुले जे वाटलं ते मलेही वाटलं होतं. आता नाही वाटत.

अक्षर वाकडं आहे. लाल शाई मारू नको.