मृदंगाची कणीक

लातूर,
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
भागवतचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही तिघे सुखरूप आहोत, पत्र बघून दचकू नका. तुमचे कान मंदावल्यापासून फोनवर बोलणे अवघड झाले आहे. परवा मी आईच्या गुडघ्याचे विचारले तर तुम्ही सांगितले, हाव, कापसाची वेचणी चालू हाय. पुढे मी काय बोलणार? म्हणून लिहितो. दाळ मिलमध्ये पोत्यांवर नावे घालून घालून अक्षर तरी बरे झाले आहे.

गोष्ट सुकन्याची आहे. तिला सव्वाचार वर्षे झाली. जूनपासून बालवाडीत जाते, पण आजवर तिथे एक शब्द बोललेली नाही. घरी दीपमालाशी थोडे बोलते, माझ्याशी त्याहून कमी. बाईंनी बोलावून सांगितले की जानेवारीच्या संमेलनापर्यंत वाट बघू, नाहीतर पुढच्या वर्षी तिला याच वर्गात ठेवावे लागेल. डॉक्टरांना दाखवले. कान उत्तम आहेत, जिभेलाही काही झालेले नाही. ते म्हणाले की बोल बोल म्हणून मागे लागू नका. तिच्याबरोबर खेळा, टाळ्या वाजवा, घरात सगळ्यांनी मिळून गाणी म्हणा. तालात लेकरू लवकर मोकळे होते. त्यांनी औषध लिहून दिले असते तर मी घड्याळ लावून दिले असते. गाण्याचे कसे करायचे?

तिने दिवसभरात किती शब्द उच्चारले ते मी एका वहीत लिहून ठेवतो. रविवारी चौदा, सोमवारी नऊ, काल चार. दीपमाला म्हणते, वही दिसली की पोरगी तोंड मिटते आणि बाप पेन उघडतो. दोन दिवस दीपमालाही माझ्याशी मोजकेच बोलते आहे.

मी गात नाही. कधीपासून ते तुम्हाला ठाऊकच आहे. आईला येणारी लेकरांची गाणी तेवढी लिहून पाठवावीत, म्हणजे दीपमाला म्हणेल.

आशीर्वाद आहे तसाच राहू द्यावा.

आपला,
भागवत


हदगाव,
१६ डिसेंबर २०२४

चि. भागवतास,
शेषेरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. एकदा मनात वाचलं, एकदा तुझ्या आईला मोठ्यानं. तिचा निरोप आधी लिहितो: वही चुलीत घाल. लेकरू म्हणजे काय तुरीचं पोतं हाय का, काट्यावर ठेवायला? तिची गाणी वेगळ्या कागदावर लिहिली हायत. मोराचं गाणं तुला लहानपणी लई आवडायचं, असं ती म्हणते.

आपला गावातला बालाजी येत्या आठवड्यात कामानं लातूरला येऊन राहिला हाय. त्याच्यासंगं मृदंग पाठवतो. दोन वर्षं झाली, खुंटीला टांगलेला हाय. मी बसलो की ताल सोडून वाजवतो, असं भजनातली मंडळी म्हणतात. मला काही ऐकू आलं न्हाई, तुझ्या आईनं सांगितलं.

आता नीट ध्यानात ठेव. डाव्या तोंडावर कणीक लावल्याबिगर मृदंग घुमत न्हाई. कणीक बिनमिठाची, बिनतेलाची, सैलसर. वाजवायच्या ऐन वेळी लावायची. झालं की खरडून काढायची, न्हाईतर उंदीर चामडं कुरतडतात. खरडलेली कणीक गाईला घालायची, फेकायची न्हाई. उजवीकडच्या काळ्या शाईला पाणी लागू देऊ नको.

तू गाणं कधीपासून सोडलंस ते मला ठाऊक न्हाई. लिहून कळव.

सुनेला आशीर्वाद, नातीला पापा.

तुझा,
शेषेराव


लातूर,
५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

मृदंग पोचला. कणीक किती ग्रॅम ते तुम्ही लिहिले नव्हते. मी तीनदा वेगवेगळा गोळा करून बघितला. दीपमाला म्हणाली, एवढ्यात पाहुण्यांच्या पोळ्या झाल्या असत्या. शेवटी सुकन्यानेच एक गोळा उचलून थापला आणि तो बरोबर निघाला. ती डावीकडे बसते, मी उजवीकडे, आणि दीपमाला भाजी निवडत आईची गाणी म्हणते. पहिल्यांदा धूम आवाज आला तेव्हा सुकन्या इतकी हसली की तिला उचकी लागली.

खरडलेली कणीक घेऊन ती शेजारच्या शरणप्पाकाकांच्या गाईकडे जाते. काकांनी सांगितले की ती गाईशी बोलते. आज काय वाजवले, बाबा कुठे चुकले, सगळे सांगते. मी कुडाआडून ऐकले. मोजले नाही. वही आता दीपमालाकडे आहे, ती त्यात गाणी उतरवते.

संमेलनात तिने नुसते वाजवावे, गाणे आपण म्हणू, असे बाईंनी ठरवले आहे. मला शेजारी बसू देणार आहेत.

तुम्ही विचारले म्हणून लिहितो. मी दहा वर्षांचा होतो. गावच्या सप्ताहात पुढे उभा राहून म्हणत होतो आणि सूर चुकला. तुम्ही मृदंग थांबवून सगळ्यांदेखत म्हणालात, “तू तोंड मिट, नुसते टाळ धर.” राग नाही. पण सुकन्या गप्प बसली की मला ते आठवते.

लिहिताना काही जास्त झाले असेल तर पोटात घालावे.

आपला,
भागवत


लातूर,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

काल संमेलन झाले. ऐन वेळी गडबड नको म्हणून मी सकाळी दहालाच घरून कणीक लावून नेली. पाहुण्यांचे भाषण लांबले, आमचा नंबर दीड वाजता आला. सुकन्याने थाप मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. पुन्हा मारली, तेच. कणीक सुकून तिला भेगा पडल्या होत्या. तुमचे पत्र माझ्या खिशात होते. ऐन वेळी लावायची, असे तुम्ही स्पष्ट लिहिले होते. समोरची माणसे हसली. मी भेगांवर बोटे दाबत बसलो.

सुकन्या उठली आणि माइकजवळ उभ्या असलेल्या बाईंकडे गेली. सगळ्या मांडवाने ऐकले.

“बाई, कणीक वाळली. पाणी पायजे.”

बाई पाणी आणायचे विसरून तिच्याकडे बघत राहिल्या. तिने पुन्हा सांगितले, या वेळी जरा रागाने. पाणी आले. तिने बोटे बुडवून कणीक चोळली, थाप मारली, मृदंग घुमला. बाई पदराने डोळे पुसत होत्या, गाणे सुरूच करेनात. सुकन्या माझ्याकडे बघत होती. मग मीच मोराचे गाणे म्हटले. दुसऱ्या कडव्यात चुकलो. तिने मृदंग थांबवला नाही, आणखी जोरात वाजवला.

बाई म्हणाल्या, ही पुढच्या वर्गात जाईल. आज घरी सुकन्याने मला विचारले की कणीक सकाळीच कशाला लावली. मी खिशातले तुमचे पत्र काढून तिला वाचून दाखवले.

आईला हे मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला,
भागवत


हदगाव,
२५ जानेवारी २०२५

चि. भागवतास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं पत्र तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मला वाचवेना, म्हणून शेजारच्या पोरीला बोलावलं.

त्या सप्ताहाचं मला आठवत न्हाई. तुझ्या आईला आठवतं. त्या दिवशी तू जेवला न्हवतास, असं तिनं आत्ता सांगितलं. तेव्हा माझे कान लई तिखट होते, पण मला नुसती चूक ऐकू आली, गाणारं लेकरू ऐकू आलं न्हाई. मी चुकलो, बाळा.

येत्या शुक्रवारच्या एसटीनं आम्ही दोघं येऊन राहिलो. मृदंग परत नेणार न्हाई, तो आता नातीचा. तुमचं मला ऐकू येणार न्हाई, पण ती वाजवताना लाकडाला तळवा लावून बसलो की सगळं हातात उतरतं. तू मोराचं गाणं म्हण. दुसरं कडवं मला तसंही येत न्हाई.

माया हायच, तिला कान लागत न्हाईत. कणीक मात्र मी आल्यावरच लाव.

तुझा,
शेषेराव