उचललेल्या टाचा

रमणम्मा,

परवा तिरुपतीला तुझ्या नीलवेणीचं हृदय मशीनवर पाहिलं. डायलिसिसच्या पोरांचं हृदय वाढलंय का, ते उंचीच्या हिशेबाने ठरवतात. शाळेत बुटकी म्हणतात, म्हणून उंची मोजताना कार्टीने टाचा उचलल्या. मी पाहिलं आणि गप्प बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उंचीच्या मानाने ठीक आहे."

बसस्टँडवर माझी मलाच लाज वाटली. परत नेली, म्हटलं, "टाचा टेक गं." पुन्हा मोजलं तर हृदय वाढलेलंच. आता आठवड्याला तीनऐवजी चारदा डायलिसिस.

"अम्मम्मा, चुगलखोर आहेस तू!" नात आजीवर फणकारली.

"आहेच."

हे पत्र टाकणार नाही. तू कुवेतमध्ये रडत बसशील, कामं कोण करेल?

पोरगी डायलिसिसला भिंतीकडे तोंड करून पडते. पडू दे. श्वासागणिक पाठ हलते, ती मी बघत बसते.

तुझी आई,
सूरम्मा