बाबांचं डिसेंबरातलं मत

बिस्मार्क, १६ डिसेंबर

प्रिय आर्ने,

तुम्ही सगळे ठीक असाल. इकडे बर्फ भरपूर. माझी गाडी तिची मर्जी असेल तरच सुरू होते. मुलांसाठी लेफ्सा, आपल्या बटाट्याच्या पोळ्या, लाटल्यात, सोबत पाठवते. बाबांना खोकला आहे, पण टोपी घाला म्हटलं की अजूनही चिडतात.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

राष्ट्राध्यक्षपदासाठी राज्याच्या तीन निर्वाचकांचं मतदान झालं, आणि बाबांनी पक्षाच्या उमेदवारालाच मत दिलं. ते तू बातम्यांत ऐकलंच असशील. मी विधानभवनाच्या प्रेक्षक-सज्जात होते, म्हणून बाकीचं कळवते.

सकाळी गाडीत मी तुझंच म्हणणं पुन्हा मांडलं. निर्वाचक म्हणून त्यालाच मत देईन, असा शब्द त्यांनी वसंतात पक्षाला दिला, तेव्हा तो उमेदवार तुझ्या हवाई तळाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. तळाला कुलूप लावीन, हे तो ऑक्टोबरात म्हणाला. देशभरात निर्वाचकांची तीनशेच्या वर मतं त्याचीच आहेत, बाबांच्या एका मतानं काय होणार?

"एकानं काही होत नसेल, तर शब्द पाळायला काय जातं?"

"आर्नेची नोकरी जाते, बाबा."

मिसूरी नदीवरचा पूल आम्ही ओलांडला. मग म्हणाले, "राज्यानं नोव्हेंबरात त्याला निवडलं. मला नाही. लोकांचं मत आम्हा तिघांच्या खिशात ठेवलंय, पोचवायला. खिशात आहे म्हणून ते माझं होत नाही."

विधानभवनात पक्षाचा अध्यक्ष डेल हॅगेन जिन्यापाशी वाट अडवूनच उभा होता.

"टोर्वाल, तुझा चेहरा मला आवडत नाहीये."

"नवीन कुठून आणू?"

"थट्टा नको. पर्यायी निर्वाचक म्हणून मॅव्हिसला वर बसवून ठेवलंय. खोकल्याचं सांग आणि घरी जा. तुझ्या जागी ती मत देईल. कोणी विचारणार नाही."

ते हो म्हणतील, असं मला वाटलं. वाटावं असंच होतं ते. तुला तोंड दाखवता आलं असतं.

"शब्द मी दिला आणि पाळायचा मॅव्हिसनं?"

"मग दुसरं नाव नाही ना लिहिणार? कायदा तुला अडवत नाही, म्हणून विचारतो."

"कायदा अडवत असता, तर माझा शब्द कशाला घेतला असतास?"

मत लिहायला त्यांना वेळ लागला. बाकीच्या दोघांचं आटोपलं होतं. बाबा एकेक अक्षर काढत होते, आपण लहानपणी काढायचो तसं. सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा बाबांनी कोटावरचं पक्षाचं चिन्ह काढलं आणि डेलच्या हातावर ठेवलं.

"हे ठेव. शब्द फिटला. आता मी भांडायला मोकळा."

"कोणाशी?"

"आत्ता ज्याला मत दिलं त्याच्याशी."

डेल हसला. बाबा हसले नाहीत. त्यांच्याकडे बघताना मला वाटलं, आपण या माणसाची मुलं आहोत, हे काही थोडं नाही.

इथे थांबायचं ठरवलं होतं. पुढचं तुला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय.

नोव्हेंबरात मतदान केंद्रावर मीच त्यांना नेलं होतं. बाहेर आले तेव्हा हातमोजे घालायचंही त्यांना सुचत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्या पक्षाला मत दिलं होतं. "ते मत माझं होतं," म्हणाले. "ते आर्नेला दिलं."

मग त्याला सांगत का नाही, म्हटलं. "मत देऊन उपकार सांगायचे नसतात."

शनिवारी तुमची युनियन तळाच्या फाटकापाशी निदर्शनाला उभी राहणार आहे, ते त्यांना कळलंय. सोडायला येशील का, म्हणून मला विचारलं. मी त्यांना फाटकाशी उतरवीन. तुझ्या सोबत्यांपैकी कुणी काही बोललं, तरी ते उलट बोलणार नाहीत. एका कडेला उभे राहतील. आपणहून तुला हाक मारणार नाहीत, ते तुला ठाऊक आहे.

तू मार.

तुझी, आणि त्यांचीही,
सिग्रिड