पुढच्या पत्र्यावरची कडी

बोईसर,
९ जानेवारी १९९६

प्रिय बन्सी,

वीस तारखेला तू टेम्पो पाठवणार आणि अण्णांची लॅम्ब्रेटा ठाण्याच्या प्रदर्शनात मांडणार, असा तुझा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. टेम्पोत गादी अंथरलेली असेल, असंही सांगितलंस म्हणे. स्कूटरला गादी! गाडी तुझ्याकडे पडून होती तेव्हा आई दुखरे गुडघे घेऊन एसटीने पालघरला डॉक्टरकडे जात होती. तिच्यासाठी तुला साधी उशी सुचली नाही. पण तू आता मोठा माणूस, अकरा जुन्या स्कूटरींचा धनी. त्यातली एकही कधी भाजी आणायला जात नाही की पावसात भिजत नाही. रुसलेल्या जावयासारखं तू त्यांना जपतोस आणि रविवारी तुझ्यासारखेच चार रिकामटेकडे बोलावून एकमेकांच्या गाड्यांचे बोल्ट बघत बसता.

उमरोळीच्या महादूकडची ती मोडकी व्हेस्पा आठवते? सुट्टीत आला होतास तेव्हा मला बरोबर घेऊन गेलास. महादूच्या कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या. तू त्यांना हुसकावून गाडी उचललीस. "न्या शेट, पन कोंबड्या आता कुटं बसतील? दुसरी जागा त्यांना ठावी नाय," असं तो बिचारा सांगत होता आणि तू नखाने गंज खरवडून चासीचा नंबर वाचण्यात गुंग. मला तेव्हाच तुझी कीव आली होती. गाडी कुणाच्या तरी उपयोगी पडतेय हे तुम्हा लोकांना बघवतच नाही.

आपली गाडी तर रोज उपयोगी पडत होती. प्लांटवर वेल्डर असताना अण्णांनी चौऱ्याहत्तरात ती सेकंड हँड घेतली. इथल्या खाऱ्या हवेत पत्रा बघता बघता सडतो, म्हणून दर मे महिन्यात ते तिला आडवी करून पोटाला जळकं ऑइल फासायचे. त्याला तू 'घाण' म्हणालास. ती घाण होती म्हणून तर तुला मिरवायला पत्रा उरला, दीडशहाण्या. आणि घरचा तो नियम? सगळी कॉलनी पायाशी सिलिंडर नाहीतर दळणाचे डबे ठेवून हिंडायची, पण आपल्या गाडीवर पुढे काहीही ठेवायचं नाही. नवापूरहून आणलेल्या बोंबलांची पिशवी आई मांडीवर घेऊन बसायची, साडीला वास लागला तरी. रिकाम्या जागेभोवती गुडघे फाकवून चालवणाऱ्या अण्णांना लोक हसायचे. अण्णांनी कधी कुणाला कारण सांगितलं नाही.

दसऱ्याला तू गाडी 'नवी करून आणतो' म्हणून नेलीस आणि नाताळात परत आणलीस, लाल फीत बांधून, क्लबातल्या फोटोवाल्यासकट. इटलीहून मागवलेलं रबर, कंपनीचा हस्तिदंती रंग, चकचकीत क्रोम! नाकाने कांदे सोलत तू एकेका स्क्रूची वंशावळ ऐकवत होतास. अण्णा गाडीभोवती एकदा फिरले. मग वाकून त्यांनी हँडलच्या खाली, पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. "चांगली केलीस गड्या," एवढं म्हणाले आणि आत जाऊन बसले. तुला वाटलं, म्हाताऱ्याला आनंदाने भरून आलं. तू फोटो काढून घेतलेस आणि चहा पिऊन गेलास.

तिथे कडी होती, बन्सी. सळई वाकवून अण्णांनी स्वतः वेल्ड केलेली, शकूच्या छातीच्या उंचीवर. आपली धाकटी शकू, चार वर्षांची, पुढे उभी राहून ती धरायची आणि घिवलीपर्यंत तोंडाने हॉर्न वाजवत जायची. एकोणऐंशीच्या पावसाळ्यात तापाने फणफणली होती, तरी आईच्या मांडीवर बसेना. कडी धरून उभी राहूनच ती पालघरच्या दवाखान्यात गेली. तू आणि मी दारात उभे होतो. परत आले ते अण्णा आणि आई, दोघंच.

त्या नाताळातल्या संध्याकाळी मी तुला फोन केला, तर तू मला समजावतोस, "ताई, ती कडी कंपनीने लावलेली नव्हती. परीक्षक गुण कापतात." तू विसरला असतास तर मी एक वेळ सोडून दिलं असतं. तुला सगळं आठवत होतं आणि तरी तू ग्राइंडर फिरवलास, वर पुट्टी भरून रंग मारलास. शकूही कंपनीने दिलेली नव्हती रे. कडी कुठे आहे विचारलं, तर म्हणालास, गेली असेल भंगारात. माझ्या पाठच्या भावाची मला त्या क्षणी किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

म्हणून हे पत्र. टेम्पो पाठवू नकोस. काल अण्णा गाडी घेऊन एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले, मी मागे बसले होते. त्यांनी नवी सळई मागून घेतली आणि शिकंज्यात धरून वाकवली. तिथला कारागीर ओरडला, "चाचा, नया पेंट जल जाएगा!" अण्णा म्हणाले, "जलने दो." वेल्डिंगचा होल्डर त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. वीतभर रंग करपलाय, फोड आलेत, बाहेरून काळा डाग दिसतो. त्याचे किती गुण कापतात ते तुझ्या परीक्षकांना विचार. आज सकाळी दोघं नवापूरला बोंबील आणायला गेलेत. पिशवी आईच्या मांडीवर असेल. आई म्हणते, बन्सीला जेवायला बोलाव. तेव्हा ये, पण पाना-पक्कड घरी ठेवून ये. लहानपणी तू अण्णा आणि आईच्या मध्ये बसायचास. ती सीट मात्र कंपनीने लावलेली होती, म्हणून तुझ्या हातून वाचली.

अजून तरी तुझीच,
सुगंधाताई