दगड आधी हलवायचे

बाबा, तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली आणि मी अजूनही माशांच्या टाकीचं पाणी रविवारीच बदलते. टाकी तीच, चार फुटी. सांधे दोनदा नव्याने भरून घेतले, मागची काच एकदा बदलली, तरी टाकी तुमचीच. चौबे कॉलोनीतून तेलीबांध्याच्या फ्लॅटवर आणताना मी टेम्पोत तिच्याशेजारी बसून आले. कपाटाला पोचे पडले तर पडू देत म्हटलं. इथे बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरे थर चढतात. शेजारणी पाण्याच्या नावाने बोटं मोडतात आणि मला तुमचं बोलणं ऐकू येतं, "आपल्या पोटाले खराब असन हे पाणी, पर या माशायले अमृत हाये." आफ्रिकेतल्या सरोवरातले सिक्लिड, त्यांना असंच जड पाणी मानवतं, हे तुम्ही दुकानदाराला शिकवलंत, त्याने तुम्हाला नाही. पिवळे किती, निळे किती, एका नरामागे माद्या किती, सगळं तुम्ही ठरवायचात. जागेवरून भांडणारी ही जात, तिच्या शेजाराला कोण टिकेल याचा विचार तुम्ही माझ्या शाळेच्या ॲडमिशनपेक्षा जास्त केला असेल. उलटा पोहणारा तो मिशाळ मासा चालेल, कारण तो दबत नाही. इवलेसे निऑन नकोत, "तो त त्यायचा नाश्ता होते." यावर आई म्हणायची, माणसांचं जेवण झालं असेल तर नाश्त्याची भांडी घासते.

आठवतं, मी चौदा वर्षांची आहे. शाळेतून येताना दुकानातून एक निळा मासा पिशवीत घेऊन आले आहे, तुम्हाला चकित करायला. आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "बाबा येऊ दे न व आधी." मला कुठला दम. पिशवी सोडली की झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो निळा मासा हीटरच्या मागे, शेपटी-पर फाटलेले, कसाबसा तग धरून. तुम्ही जेवायला घरी आलात तेव्हा मी रडत रडत त्या थोरल्या पिवळ्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, याला काढून टाका, हा दुष्ट आहे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "काहून? त्याचा काय दोष? तो आपलं घर राखून राहिला. चूक तुही हाये. पाहुणा आणला अन् त्याले बसाले जागा नाई देली." मासा संध्याकाळपर्यंत गेला. रविवारी तुम्ही मला बाह्या वर करायला लावल्यात आणि टाकीतला एकेक दगड उचलायला सांगितलात. "नवीन आणाचा असन त दगड आधी हलवाचे. सारेच. एकही जुन्या जागी ठेवाचा नाई. मंग साऱ्यायलेच घर शोधा लागते, मारामारीले फुरसत भेटत नाई." नंतर दुसरा निळा आणून सोडलात आणि तो राहिला. पाच वर्षं राहिला.

त्याच सुमारास भोपाळपासून तुटून आपलं राज्य नवीन झालं होतं. तुमच्या शंकर नगरच्या ऑफिसात भोपाळहून बदलून आलेली माणसं दाखल झाली, बायका-मुलं तिकडेच ठेवून, गाद्या बांधून. जुन्यांकडे खिडक्या आणि पंखे, नव्यांची टेबलं संडासाच्या वाटेवर. फायली पुढे सरकेनात, चहासुद्धा दोन वेगळ्या किटल्यांतून. तुम्ही तिथले बडे बाबू, हेडक्लार्क. साहेबांची परवानगी काढून एका रविवारी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवलंत, "चाल, टेप धराले पाह्यजे कोणीतरी." परत येताना गुपचुप, आपली इथली पाणीपुरी, खाऊ घालण्याचं कबूल केलं होतंत. शिपाईकाका, तुम्ही आणि मी. सगळ्यात आधी तुम्ही स्वतःचं टेबल हलवलंत. अठरा वर्षांचं खिडकीजवळचं टेबल, बाहेर कडुनिंब. ते नेऊन ठेवलंत रेकॉर्ड रूमच्या दाराशी, जिथे भरदुपारी ट्यूबलाइट लागायची. मग बाकीची सगळी. सोमवारी म्हणे जुने-नवे सगळे डबे हातात धरून आपापलं टेबल शोधत एकमेकांना विचारत होते. आठवड्याभरात चहाची किटली एक झाली. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं. कुणाच्या बाबांनी पूल बांधला होता, कुणाच्या बाबांनी दुकान टाकलं होतं. माझ्या बाबांनी टेबलं हलवली होती, आणि मी छाती फुगवून सांगत होते. आजही सांगते.

आता माझं ऐका. माझ्या मुलाचे वडील गेले ते तुम्हाला ठाऊक नाही, तुमच्यानंतर सहा वर्षांनी. गेल्या साली मी पुन्हा लग्न केलं. माणूस चांगला आहे, इथलाच आहे, तुमच्याइतकाच चहा पितो. त्याची मुलगी तेरा वर्षांची. ती आली आणि महिनाभर बॅग उघडीच ठेवून तिच्यातूनच कपडे काढत राहिली. माझा मुलगा अकरा वर्षांचा, घरभर हद्दी आखत फिरायचा, "ये मेरा सोफा है, ये मेरा चार्जिंग पॉइंट है." ती उठून जायची, जेवण खोलीत न्यायची. मी मुलाला रागवायची, रोज. एक दिवस रागवता रागवता तुमचा कपाळावरचा चष्मा आठवला आणि मी रागवणं तिथेच सोडलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

रविवारी मी घर हलवलं. पलंग, कपाटं, सोफा, आमची खोली मुलाला, त्याची तिला, देव्हारासुद्धा दुसऱ्या भिंतीला. नवरा म्हणाला, "तू घर हलवून राहिली का बदली होऊन राहिली?" मुलगा ओरडत होता, मेरा बेड किधर गया. मी म्हटलं, सगळ्यांचंच गेलंय, शोध. दुपारी ती मुलगी हॉलमध्ये उभी राहिली, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आंटी, टैंक नहीं हटाओगे?" मी म्हटलं, "भारी आहे बाळा, राहू दे." तिने "हव" म्हणून होकार दिला आणि ती वळली. त्या "हव"ने मला खरं काय ते दाखवलं. सगळ्यांच्या जागा मी हलवल्या होत्या, माझी सोडून. मी तिला हाक मारली, विचारलं, कुठे ठेवायची? तिने तिच्या दाराजवळची भिंत दाखवली. आम्ही दोघींनी बादल्या भरभरून पाणी काढलं.

दुसऱ्या दिवशी तिची बॅग माळ्यावर होती. मला अजून आंटीच म्हणते, म्हणू दे. मागच्या आठवड्यात दुकानात तिने दुकानदाराला सुनावलं, "भैया, सिक्लिड के साथ निऑन दे रहे हो? नाश्ता हो जाएगा उनका." मी मागे उभी होते, बाबा. तुम्ही पाहायला हवं होतंत.

हे पत्र टाकीखालच्या कपाटात ठेवता येणार नाही, जाळी काढायला आता ती तिथे हात घालते. लिहून झालं की फाडून टाकीन. कारण टाकी हलवली त्या संध्याकाळी मी डोकं दुखतंय म्हणून दार लावून बसले होते आणि डोकं दुखत नव्हतं. त्या पोरीचा राग आला होता, माझी जागा गेली म्हणून. तेव्हा आठवलं की त्या रविवारी स्वतःचं टेबल हलवून ऑफिसातून परतताना तुम्ही गुपचुपवाल्यासमोरून स्कूटर तशीच पुढे नेलीत. इतकी वर्षं मी समजत होते, तुम्ही विसरलात.