पूजेच्या दिवसाचा डेमो

९ सप्टेंबर

आमचे मालक प्रताप भैयांनी आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं — "सॉफ्टवेअर कुसुम दीदी तय करेंगी. वो हाँ बोलीं तो साइन." मान मोठा, पण जीव टांगणीला. आमच्या तारेच्या कारखान्याची बिलं, स्टोअर, पगार, सगळं त्या पुण्याच्या कंपनीच्या भरवशावर जाणार. ऐन दिवाळीत बंद पडलं तर गेटमधून एक ट्रक निघायचा नाही, अन् बोट माझ्याकडे.

१२ सप्टेंबर

कंपनीचे चारुदत्त साहेब आले. बोलणं असं गोड की मले चहात साखर नको वाटली. सोबत त्यांचा इथला माणूस, निरंजन. चाळिशीचा, पुरानी बस्तीतला, आपलाच मराठी. पण मी मराठीत विचारलं तरी हा हिंदीतच उत्तर देते.

मी म्हटलं, नुसती चित्रं नको, जिथं चालू आहे ते दाखवा. साहेब म्हणाले, इथल्याच बीरगांवच्या पाइप कारखान्यात आमचंच चालतं, तिथं त्या क्षणी काय चाललंय ते स्क्रीनवर दाखवतो. दिवस निरंजननं सुचवला — सतरा.

"उस दिन तो विश्वकर्मा पूजा है."

"हव दीदी, सबको फुर्सत रहेगी."

साहेबांनी लगेच मान डोलावली. पुण्याच्या माणसाले त्याचं काय!

१४ सप्टेंबर

झोप नाही. हे म्हणतात, "सॉफ्टवेअर पाहून राहिली का जावई?" यांना थट्टा सुचते.

१७ सप्टेंबर

सकाळी पूजा. मशिनी धुऊन-पुसून बंद, कॉम्प्युटरलाही कुंकू लावून बंद ठेवलं. आज इथं अवजाराला कोणी हात लावत नाही. डेमो साहेबांच्या लॅपटॉपवर.

बीरगांवचं पान उघडलं. काय सुंदर! पाइप निघून राहिले, आकडे वर चढून राहिले. प्रताप भैया बुंदी खात खूश — "दीदी, मुहूर्त भी अच्छा है, आज ही कर दें?" मीही हो म्हणणारच होते. तेवढ्यात समोरच्या मशिनीवरचं कुंकू दिसलं अन् डोक्यात आलं — आपल्या मशिनी बंद, मग यांच्या काहून चालू?

"कल बताती हूँ," म्हटलं. घरी तेलीबांध्याला जायचं सोडून गाडी बीरगांवला नेली. त्या कारखान्याच्या गेटला केळीचे खांब, आत भजन. चौकीदारानं प्रसाद दिला. मशीन? "आज कोन चलाही दीदी, कालेच ले बंद हे." कालपासूनच बंद!

म्हणजे स्क्रीनवर सगळी बनवाबनवी. रस्त्याच्या कडेला गाडी लावून एकटीच हसत बसले. सुटले बाई.

१८ सप्टेंबर

भैयांना सांगितलं. त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणे, "सँपल डेटा था." भैयांनी फोन ठेवला अन् मले म्हणाले, "दीदी, बच गए." दुपारी मी दोन पोळ्या जास्त जेवले.

तरी एक कळत नाही. त्या निरंजनले तर पूजा माहीत होती. इथलाच असून असा कसा चुकला?

२१ सप्टेंबर

निरंजनचा फोन आला. पहिल्यांदाच मराठीत बोलला — "ताई, बीरगांववाल्यांनी आमचं सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलं. तोंडानं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणून सतरा तारीख दिली. वाटलं, तुम्हाले दिसन."